एकोणपन्नाशीपुढचा रिकामा रकाना

भारत सरकारच्या आरोग्यविषयक कागदपत्रांत '१५ ते ४९' हा वयोगट इतका मुरला आहे की, तो आता कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पहिल्यांदा झाली ती १९९२-९३ मध्ये. तेव्हापासून आजतागायत तिच्यातील स्त्रीची प्रश्नावली वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी थांबते. कौटुंबिक हिंसाचाराविषयीचे प्रश्न १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांनाच विचारले जातात. एचआयव्हीच्या प्रसाराचा 'प्रौढांमधील' दर म्हणून जो आकडा दरवर्षी दिला जातो, तोही १५ ते ४९ याच वयोगटाचा. गंमत अशी की, इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के असल्याचे जे डिजिटल आरोग्याच्या प्रत्येक सादरीकरणात सांगितले जाते, ते पाचव्या पाहणीतले, म्हणजे २०१९-२१ चे, प्रमाणही याच वयोगटातील स्त्रियांचे आहे. साठीतल्या स्त्रीसाठी ऑनलाइन सेवा आखणारे अधिकारी तिच्या सुनेचे आणि नातीचे आकडे समोर ठेवून आखणी करत असतात.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या वयोमर्यादेचे मूळ स्पष्ट दिसते. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातला पहिला देश. स्त्रीच्या शरीराशी राज्यसंस्थेचे जे नाते तेव्हा जुळले, ते जन्मदराच्या चिंतेतून. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भाषा बदलली, १९९७ मध्ये 'प्रजनन व बाल आरोग्य' कार्यक्रम आला, २०१३ मध्ये त्यात माता, नवजात, बालक आणि किशोरवयीन अशी एकेक भर पडून त्याचे नाव लांबत गेले. त्या लांबलचक नावात पाळी गेलेल्या स्त्रीसाठी मात्र एकही अक्षर नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेला ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तिला ओळखतो, पण गुडघे, मोतीबिंदू, रक्तदाब आणि मधुमेह यांची धारक म्हणून. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतर तिला पंचवीस-तीस वर्षे जगायचे असते. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरच्या स्त्रिया ५ कोटी ३० लाखांच्या आसपास होत्या. साठीच्या वरच्या पुरुषांपेक्षा त्या तेव्हाच अधिक होत्या.

'किलकारी' नावाची एक सरकारी सेवा आहे. गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीपासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला स्त्रीच्या नोंदवलेल्या क्रमांकावर ध्वनिमुद्रित संदेश येतो. एकूण ७२ संदेश. सेवा चांगली आहे, मी तिची टीकाकार नाही. मात्र बहात्तराव्या संदेशानंतर सरकार त्या स्त्रीला तिच्या शरीराविषयी पुन्हा कधीही फोन करत नाही.

मी तीस वर्षांहून अधिक काळ मध्य भारतातील एका हिंदीभाषक राज्यात प्रशासकीय सेवेत होते. त्यांतली काही वर्षे आरोग्य खात्यात गेली. निवृत्तीनंतर एका लहान स्वयंसेवी गटाने मला बोलावले. पन्नाशीपुढच्या ग्रामीण व निमशहरी स्त्रियांसाठी लैंगिक आरोग्याचा ऑनलाइन आधार उभा करावा, अशी त्यांची कल्पना होती आणि सरकारशी बोलणी करायला त्यांना कोणी जाणते माणूस हवे होते. त्या कामात गेलेल्या दीड वर्षात जे पाहिले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दिल्लीच्या बैठकांत ती प्रत्येक वेळी सांगावी लागली. 'या वयात लैंगिक आरोग्य' म्हटले की, ऐकणारे पुरुष हसतात किंवा चष्मा पुसतात. परंतु विषयाचा बराच मोठा भाग अगदी साध्या शारीरिक पीडेचा आहे. पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन घटते, योनिमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, संबंधाच्या वेळी दुखते, एरवीही आग होते, लघवीला वारंवार जावे लागते, लघवीचा जंतुसंसर्ग पुन:पुन्हा होतो. या साऱ्या तक्रारींचे मूळ एकच असल्याचे मान्य करून वैद्यकशास्त्राने २०१४ मध्ये त्यांना एक समान नाव दिले. उपाय अवघड नाहीत. साधे वंगण, ओलावा टिकवणारे जेल, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे मलम. गर्भाशय खाली सरकले असेल तर सिलिकॉनची एक कडी बसवता येते. प्रशिक्षित हाताला त्यासाठी काही मिनिटे लागतात. मधुमेही स्त्रीला होणारी असह्य खाज बहुतेक वेळा बुरशीची असते आणि ती बरी होते. तरीही स्त्रिया पंधरा-पंधरा वर्षे हे अंगावर काढतात, कारण हे वयाचेच लक्षण आहे असे त्यांना वाटते आणि त्यांच्या डॉक्टरांनाही वाटते. मी स्वत: पंचावन्नाव्या वर्षी एका नामवंत शहरी रुग्णालयात अशी तक्रार घेऊन गेले होते. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी कागदावरून मान न उचलता 'आता या वयात काय त्याचे' एवढेच म्हटले. मी सचिव दर्जाची अधिकारी होते, इंग्रजीत बोलत होते, आणि तरीही गप्प बसून बाहेर आले.

हे मौन किती खोल आहे, हे जगाला प्रथम महाराष्ट्राने दाखवले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्यांतील जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. त्या अभ्यासाने जगभरच्या धोरणकर्त्यांचे कान उघडले. परंतु नंतर आलेले कार्यक्रम पुन्हा मातृत्वाच्याच वाटेने गेले.

मौनाची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. ज्या स्त्रीला साधे औषध मिळत नाही, तिला शस्त्रक्रिया मात्र सहज मिळते. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळी अनियमित झाली, एवढ्यावरून 'पिशवी काढून टाका, पुढे कर्करोग होईल' असे सांगून चाळिशीच्या आतल्या स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातून आल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल देऊन केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची कहाणी मराठी वाचकांना ठाऊक आहेच. २०१९ च्या समितीच्या पाहणीत ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर पाळी जाण्याचे सारे परिणाम पस्तिसाव्या वर्षीच अंगावर कोसळतात. म्हणून 'वयस्क स्त्री'ची व्याख्या जन्मतारखेवरून करू नये, हा आमच्या गटाचा पहिला निर्णय होता. पाळी थांबलेली प्रत्येक स्त्री आमच्या कक्षेत येते.

आता ऑनलाइन म्हणजे काय, ते पाहू. गटातील तरुण अभियंत्यांनी प्रथम एक सुरेख ॲप तयार केले होते. फिकट गुलाबी रंग, फुलांची चित्रे, मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी यायचा, मग आयुष्मान भारतचा चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक जोडायचा आणि प्रश्न टंकित करायचा. ते ॲप घेऊन आम्ही बुंदेलखंडातील एका बचत गटाच्या बैठकीला गेलो. बायकांनी कौतुकाने पाहिले. मग साठीच्या पुढची एक बाई म्हणाली, "बहेनजी, फोन तर नातवाकडे असतो. त्याच्या फोनवर हे फूल दिसलं की तो विचारेल, आजी, हे काय?" दुसरीने विचारले, ओटीपी कोण वाचणार? तिसरी काहीच बोलली नाही. बैठक उठल्यावर ती आमच्याबरोबर असलेल्या निवृत्त परिचारिकेला घेऊन विहिरीकडे गेली आणि अर्ध्या तासाने दोघी परत आल्या. त्या अर्ध्या तासात जे घडले, त्याचीच सोय दूरवरून करून द्यायची आहे, हे अभियंत्यांनी तिथेच टिपून घेतले.

२०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या स्त्रियांपैकी साक्षर होत्या सुमारे २८ टक्के, पुरुष ५९ टक्के. नंतरच्या पिढीने हे प्रमाण वाढवले असणार, तरीही लिहून प्रश्न विचारण्याची सेवा या वर्गासाठी निरुपयोगी आहे. हवा तो आवाज. छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वरा'ने २०१० पासून दाखवून दिले आहे की, साधा फोन, एक मिस्ड कॉल आणि आपल्या बोलीत बोललेले दोन शब्द एवढ्यावर गोंडी बोलणारा माणूसही यंत्रणेपर्यंत पोहोचतो. आम्हीही तोच मार्ग धरला. स्त्रीने मिस्ड कॉल द्यायचा, तिला उलट फोन येईल, ध्वनिमुद्रित माहिती ऐकायची, आणि वाटले तर एक कळ दाबून बाईमाणसाशी बोलायचे. कोणतीही नोंदणी नाही, नाव नाही.

त्यात भाषेचा प्रश्न उभा राहिला आणि सर्वाधिक वेळ त्यातच गेला. शरीराच्या या भागासाठी आपल्याकडे दोनच शब्दसाठे आहेत. एक संस्कृत कोशातला, तो या स्त्रियांना कळत नाही. दुसरा शिव्यांचा, तो त्या उच्चारत नाहीत. त्यांची स्वत:ची भाषा तिसरीच असते. हिंदी पट्ट्यात 'सफेद पानी', 'शरीर बाहेर येणे', 'महिना बंद होणे'. मराठीत 'अंगावरून जाणे', 'अंग बाहेर येणे', 'खाली आग होणे'. संबंधासाठी तर थेट शब्दच नसतो. 'ते घरी असले की त्रास होतो' या वाक्यात संपूर्ण इतिहास सांगून झालेला असतो. परिचारिकांना ही भाषा येते, डॉक्टरांना येत नाही. आम्ही गावोगावच्या निवृत्त परिचारिका व दायांकडून असे शब्द जमवले आणि ध्वनिमुद्रित संदेश त्याच शब्दांत लिहिले. एका तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यावर 'अशास्त्रीय' असा शेरा मारला. तो शेरा आम्ही फाइलला लावून ठेवला आहे.

यंत्राने उत्तरे द्यावीत का? सध्या सर्वत्र कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आहे, आणि सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांच्या ध्वनिओळखीवर काम करत आहे. माझे मत अजून पक्के नाही. 'शरीर बाहेर येते' याचा अर्थ यंत्राने घामोळे असा लावला तर काय, ही भीती आहे. उलट काही बायकांनी आम्हाला स्पष्टच सांगितले की, यंत्र बरे, त्याचे गावात कोणी नातेवाईक नसते. माहिती देण्यापुरते यंत्र चालेल, पण जिथे स्त्री बोलता बोलता थांबते, तिथे पलीकडे माणूस असलेच पाहिजे. तो थांबा ऐकू येणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

गुप्ततेचा विचार शहरी माणूस पासवर्डच्या भाषेत करतो. या घरांमध्ये धोका परका हॅकर नसतो; धोका घरातलाच असतो, आणि तोही बहुधा प्रेमळ. फोनच्या यादीत राहिलेला क्रमांक, अवेळी आलेला उलट फोन, 'आपल्या तक्रारीची नोंद झाली आहे' असा लघुसंदेश, यांपैकी काहीही घात करू शकते. म्हणून लघुसंदेश पूर्णपणे बंद. उलट फोन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, कारण तेव्हा घर रिकामे असते. ही वेळ बायकांनीच सांगितली. फोन उचलल्यावर प्रथम ऐकू येते ती गुडघेदुखीची माहिती. मग रक्तदाब, मग साखर. चौथ्या क्रमांकावर 'बायकांच्या तक्रारी'. फोन नातवाने उचलला तर त्याला गुडघ्यांचे व्यायाम ऐकायला मिळतील.

यावर गटात कडाक्याचा वाद झाला. तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, अशी आडपडद्याची रचना म्हणजे लाजेलाच खतपाणी. सेवेचे नाव स्पष्ट असावे. मला त्यांची चीड समजते. पण नाव स्पष्ट ठेवलेल्या दालनाचा दरवाजा कोण ढकलणार? जिल्हा रुग्णालयांत 'गुप्तरोग विभाग' अशा पाट्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यासमोरचे रिकामे बाकही पाहिले आहेत. लाज घालवणे हे समाजाचे दीर्घ मुदतीचे काम आहे, मूत्रमार्गाचा संसर्ग मात्र या आठवड्यात बरा व्हायचा आहे.

विदेच्या कायद्याविषयी एक टिपणी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आरोग्याची किंवा लैंगिकतेची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढत नाही; २०११ च्या जुन्या नियमांत तो भेद होता. तेव्हा अशी सेवा चालवणाऱ्याने कायद्याच्या किमान अपेक्षेवर विसंबून चालणार नाही. सर्वांत सुरक्षित माहिती ती, जी गोळाच केलेली नाही. आरोग्य खाते क्रमांक जोडण्याचा आग्रह सरकारी बैठकांत वारंवार होतो, कारण त्याशिवाय फलकावर लाभार्थी मोजता येत नाहीत. या एका सेवेपुरता तो आग्रह सोडावा, असे मी तीन वेळा लेखी कळवले आहे.

दूरस्थ आधाराचा हा प्रयोग वाटतो तितका नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यात वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि छापील उत्तर मिळे. निनावी, दूरवरचा, बिनशुल्क सल्ला. माध्यम पोस्ट खाते. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला कर्वे हरले. पुढे दिल्लीत राधिका चंदिरामाणी यांच्या 'तारशी' संस्थेने १९९६ ते २००९ टेलिफोनची सेवा चालवली. हजारो लोक तिच्याशी बोलले, त्यांत पुरुषच अधिक. मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून नव्वदी उलटेपर्यंत वृत्तपत्रातून मिस्कील उत्तरे दिली. या परंपरेत विचारणारा बहुधा तरुण पुरुष राहिला आहे. वयस्क स्त्रीला पोस्टकार्ड, टेलिफोन आणि वृत्तपत्र, तिन्ही घरातल्या इतरांच्या हातून मिळत होते. आज मोबाइलचेही तेच आहे.

मला इथे थोडे थांबून इच्छेविषयी बोलले पाहिजे, कारण सरकारी टिपणांत ती नेहमी गाळली जाते. फोन करणाऱ्या सगळ्याच वेदनेविषयी बोलत नाहीत. कोणाच्या पतीला मधुमेहामुळे किंवा पुरःस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर संबंध जमत नाही आणि तो चिडचिडा झाला आहे. कोणी विधवा आहे आणि तिला झोपेत येणाऱ्या स्वप्नांची भीती वाटते, हे पाप तर नव्हे ना, असे ती विचारते. कोणाला नुसते जाणून घ्यायचे असते की, आता नको वाटते हे ठीक आहे ना. आणि कोणाला, आताच हवेसे वाटते हे ठीक आहे ना. दोघींना 'हो' असे उत्तर देण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. परंतु ते उत्तर अधिकृत आवाजात ऐकू यावे लागते. हे ऐकवण्याची तयारी सरकारची नसेल, तर त्या स्त्रिया भिंतींवरच्या जाहिरातींकडे वळतात. लैंगिक सामर्थ्य आणि मासिक पाळीच्या तक्रारींवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रेल्वेमार्गालगतच्या भिंती पाहिल्या तर तो कायदा कोणी वाचलेला नाही असे वाटते.

जबरदस्तीचा प्रश्न मात्र 'हो' म्हणून सुटत नाही. पाळी गेली म्हणजे दिवस राहण्याची भीती गेली, म्हणून नवऱ्याचा आग्रह वाढतो, आणि तेव्हाच संबंध सर्वाधिक दुखरा झालेला असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादानुसार सज्ञान पत्नीशी पतीने ठेवलेला संबंध बलात्कार ठरत नाही. तथापि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्याला वयाची अट नाही. विधवा सासूलाही त्याचे संरक्षण मिळते. फोनवर बसणाऱ्या बाईला हा कायदा, १८१ हा महिला मदत क्रमांक आणि जिल्ह्याचे 'सखी' केंद्र ठाऊक असले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे, पोलिसांत जा असे तिने पहिल्याच फोनवर सांगू नये. साठाव्या वर्षी घर सोडून जायला जागा नसलेल्या स्त्रीला बहुधा पुढची रात्र कशी टळेल, हे हवे असते. वंगण, वेगळी खाट, सुनेला विश्वासात घेणे, डॉक्टरांची 'सहा आठवडे मनाई' अशी चिठ्ठी. ही चिठ्ठी फार उपयोगी पडते, असे परिचारिका सांगतात. नवरा बायकोचे ऐकत नाही, पण औषधाच्या पथ्याला मानतो.

आवाजाच्या सेवेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ ध्वनीवर झालेल्या पहिल्या सल्ल्यात अगदी सौम्य, निर्धोक औषधेच सुचवता येतात. इस्ट्रोजेनचे मलम त्यांत बसत नाही. आणि एक लक्षण असे आहे की, ज्यावर फोनवर कोणताही दिलासा देऊच नये: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलेले रक्त. थेंबभर असले तरी ते तपासले गेलेच पाहिजे, कारण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. म्हणजे अखेर रस्ता एका प्रत्यक्ष खोलीत, एका प्रत्यक्ष टेबलापाशी जातो. तिथे कोण असते? २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीप्रमाणे सामूहिक आरोग्य केंद्रांत स्त्रीरोगतज्ज्ञांची तूट ७४ टक्के होती. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या १.९ टक्के. सरकारी चौकटीत ही तपासणी ६५ व्या वर्षापर्यंत अपेक्षित आहे, पण ॲसेटिक आम्ल लावून पाहण्याची प्रचलित पद्धत पाळी गेल्यावर कमी भरवशाची ठरते. तपासायचा भाग आत सरकलेला असतो. या वयासाठी एचपीव्ही चाचणी हवी, आणि तिचा नमुना स्त्री स्वत: घरी घेऊ शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्य केले आहे. दूरस्थ आधार आणि घरी घेतलेला नमुना यांची सांगड घातली, तर तज्ज्ञांची तूट निदान चाळणीच्या पातळीवर भरून निघेल.

मग हे कोणाच्या दारात ठेवायचे? ज्येष्ठांचा १४५६७ हा क्रमांक सामाजिक न्याय मंत्रालयाचा, १८१ महिला व बालविकासाचा, ई-संजीवनी आणि मानसिक आरोग्याचा १४४१६ आरोग्य मंत्रालयाचा. आमची फाइल या तिन्ही मंत्रालयांत फिरून आली, आणि प्रत्येक ठिकाणी 'विषय महत्त्वाचा, परंतु अन्य विभागाशी संबंधित' असा शेरा मिळाला. तो शेरा कसा लिहिला जातो, हे मला चांगले माहीत आहे. माझ्या मते नवा क्रमांक काढूच नये. ई-संजीवनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला, तेव्हा सरकारनेच सांगितले होते की, त्यातील ५७ टक्क्यांहून अधिक लाभार्थी स्त्रिया आणि सुमारे १२ टक्के ज्येष्ठ आहेत. स्त्रिया त्या दारापर्यंत येतातच. त्यांना ओटीपीशिवाय आत घ्यायचे आणि परिचारिकेशी बोलू द्यायचे, इतकाच बदल हवा आहे. शिवाय आशा कार्यकर्ती तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी जी तपासयादी भरते, तिच्यात पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव हे प्रश्न छापलेले आहेत. ते अंगणात, सासऱ्यांच्या देखत विचारले जातात आणि उत्तर म्हणून 'नाही'वर खूण होते. त्या रकान्यांची उत्तरे फोनवर घेण्याची सोय केली, तरी यादीचे चित्र पालटेल.

यश कशाने मोजायचे, यावर वित्त विभागाशी शेवटची चर्चा अडली आहे. त्यांच्या फलकावर एकाच क्रमांकावरून आलेला दुसरा, तिसरा फोन 'पुनरावृत्ती' म्हणून वजा होतो. आमच्याकडे बहुतेक स्त्रिया पहिल्या वेळी गुडघ्यांची माहिती ऐकून फोन ठेवतात. दुसऱ्या वेळी चौथा क्रमांक दाबतात आणि गप्प राहतात. बोलतात त्या तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी. तेव्हा वजा केलेले फोनच खरे मोजायचे आहेत, असा प्रस्ताव आम्ही पाठवला असून त्यावर मागवलेले स्पष्टीकरण पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे. दरम्यान संदेशांचे ध्वनिमुद्रण चालू आहे. आकाशवाणीवर काम केलेल्या एका निवेदिकेचा आवाज बायकांना 'बातम्यांसारखा' वाटला, म्हणून आता विहिरीकडे गेलेली ती परिचारिकाच बोलते. तिचा पहिला संदेश चार मिनिटांचा झाला आहे. दुपारच्या वेळी इतका वेळ कोणाला नसतो, म्हणून तो दोन मिनिटांवर आणायचा आहे, आणि काय वगळायचे यावरून ती आमच्याशी रोज भांडते.